निरोप्याच्या जागी कुत्रा

सोमवार, जेवणानंतर

भिंगरीस,

तुझा फोन बंद आहे. म्हणजे तो बंद पडलेला नाही, तू बंद केला आहेस, एवढं मला कळतं. "आजी, मी तुम्हा दोघांचं टपालखातं नाही, यापुढे बोलायचं असेल तर पत्र लिही, आणि पत्रात एकही निरोप नको," असं म्हणून तू जो फोन आपटलास तो आपटलास. बरं, लिहिते. माझी शाळा दुसरीत सुटली हे तुला ठाऊक आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची नाहीत. ओळी उताराला लागल्यात त्या चष्म्यामुळे. त्याचं पुढे कधीतरी सांगेन, नाहीतर नाही सांगणार.

मी बरी आहे. पाय जरा मुरगळला, बाकी काही नाही. बाथरूममध्ये पाणी सांडलेलं होतं. ते कोणी सांडलं हे तुझ्या बापाला विचार की — नाही. खोडलं.

मीटिंगच्या आधी तू पाठवलेला कागद मिळाला. मला समजलं ते असं. सुट्ट्यांत सगळं घर मिळून बघायला जातं तसल्या सिनेमाची गोष्ट एका वाक्यात सांगायची, आणि तुमच्या कंपनीतल्या त्या गोष्टी निवडणाऱ्या बाईला ती पटली तर सिनेमा तू लिहायचा. इतकी वर्षं तिथे दुसऱ्यांचे कागद वाचून डोळे फोडलेस, आता पाळी तुझी. चांगलं आहे. पण हे वाक्य?

"एकाच घरात राहूनही एकमेकांशी न बोलणाऱ्या आई आणि मुलाला सुट्टीत एका लहान मुलीमुळे कुटुंबाचं खरं महत्त्व कळतं."

पहिली गोष्ट, ही म्हातारी कोण ते मला कळलेलं आहे, उगाच भोळेपणाचा आव आणू नकोस. दुसरी गोष्ट, "कुटुंबाचं खरं महत्त्व" हे औषधाच्या दुकानातल्या फुकट कॅलेंडरवर छापलेलं असतं. ते बघायला कोण घर सोडून जाईल? आणि महत्त्व कळतं म्हणजे नक्की काय होतं? डोकं दुखायचं थांबतं का?

माझं ऐकशील तर सरळ लिही, "मुलगा आईची माफी मागतो." झालं. किती आटोपशीर. आणि तीन तास मागू दे त्याला. मी पहिल्या रांगेत बसेन.

उत्तर लिही. निरोप नाही, नुसतं उत्तर.

तुझी आजी


शनिवार

भिंगरीस,

म्हणजे शेजारच्या नर्सबाईंनी तुला सगळं कळवलं. त्या बाईच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही, माझं गुपित कुठून राहणार. हो, प्लास्टर आहे. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. गुडघ्याच्या वर काही नाही, एवढ्यावर समाधान मान.

तू विचारलंस, "आजी, तुला ओरडता नाही आलं? बाबा भिंतीपलीकडे होते." हा प्रश्न तू तीनदा लिहिला आहेस आणि शेवटच्या वेळी पेन कागदातून आरपार गेलंय. तर ऐक.

मी फरशीवर पडले होते. पाय भलतीकडे वळलेला. चष्मा बादलीखाली गेला नि फुटला. भिंतीपलीकडे तुझा बाप कपात चमचा ढवळत होता, तो आवाज मला स्पष्ट येत होता. हाक मारली असती तर एका हाकेत आला असता. पण तोंड तिकडे वळलंच नाही गं. इतक्या वर्षांत त्या वाटेवर गवत वाढलंय. हात आपसूक गाऊनच्या खिशात गेला, फोन निघाला, आणि मी तुला लावला. तिकडे, दुसऱ्या शहरात, तू त्या बाईसमोर बसून तुझं वाक्य म्हणत होतीस. मला काय माहीत. मी म्हटलं, "तुझ्या बापाला सांग, मी पडलेय."

मग जरा वेळाने भिंतीपलीकडे त्याचा फोन वाजला. मी ऐकला. तो "बोल" म्हणाला, तेही ऐकलं. मग कप फुटला.

दारात आला, माझ्याकडे न बघता नळाकडे बघून म्हणाला, "उचलतोय म्हणावं."

मी पण नळालाच म्हटलं, "हळू म्हणावं."

झालं तुझं समाधान?

तुझ्या पत्रात लिहिलंयस की तू अर्ध्या वाक्यात उठून बाहेर गेलीस, परत आलीस ती पांढरीफटक होऊन, आणि त्या बाईने विचारलं तेव्हा तू सगळं खरं सांगून टाकलंस, तर ती हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली. पडली असती तर तिने तरी शेजारच्याला हाक मारली असती का, विचार. मग म्हणाली की हेच वाक्यात आण आणि परत ये. म्हणजे माझ्या तंगडीने तुझं काम बिघडवलंही आणि केलंही. हिशोब फिटला.

आता नवीन वाक्य. "अबोला धरलेल्या आई-मुलाचे निरोप लहानपणापासून पोचवणारी मुलगी सुट्टीत घरी येते आणि यापुढे एकही निरोप पोचवायला नकार देते."

हे मागच्यापेक्षा बरं. पण नकार देते, मग? पुढे काय, दोघं उपाशी मरतात? बसमध्ये चढवून तू ड्रायव्हरच उतरवलास. आणि ती मुलगी एवढी चांगली का आहे वाक्यात? पाच वर्षांची असताना तू निरोपाचं एक चॉकलेट घ्यायचीस, दोन्हीकडून. तेही घाल.

तू लिहिलंस, वाक्य तुझ्याबद्दल नाही, कोणाही घराबद्दल आहे. असेल. तरी ती म्हातारी जरा उंच दाखव.

इकडे सगळं ठीक. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या तुझ्या बापाच्या इमारतीला लिफ्ट नाही, नुसता जिना, म्हणून मी वरच अडकलेय. तो सकाळी दुसऱ्यांच्या लिफ्टा वरखाली करायला जाण्याआधी माझ्या उशाशी सूप ठेवतो. सूप म्हणजे गरम पाण्याला दाखवलेली भाजी. ठेवून केटलीला म्हणतो, "संपवायचं म्हणावं." मी पडद्याला म्हणते, "मीठ नाही म्हणावं." तू नाहीस तर काय करणार, कोणाला तरी सांगायला हवं ना.

पत्र तोच पेटीत टाकतो. पाकीट मी नीट चिकटवते. पण लिहिताना मोठ्याने म्हटल्याशिवाय मला लिहिता येत नाही, त्याला काय करू.

तुझी आजी


बुधवार, वारा फार

भिंगरीस,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, कारण पहिल्या दोनदा वाटलं की बिनचष्म्याने भलतंच दिसतंय. कुत्रा?

"एकमेकांशी न बोलता फक्त आपल्या कुत्र्याशी बोलून संसार चालवणाऱ्या आई-मुलाचा कुत्रा सुट्टीच्या पहिल्याच दिवशी हरवतो."

तू लिहिलंस की पुढच्या मीटिंगआधी कंपनीतल्या दोघा-तिघांनी वाचून सुधारणा सुचवल्या, सुट्टीत मुलं येतात, मुलांना कुत्रा हवा असतो, मुलीपेक्षा कुत्रा स्वस्तात काम करतो. म्हणजे मी वाट बघत होते की म्हातारीला काढतील. म्हातारी शाबूत. काढलं कोणाला? तुला! इतकी वर्षं तू जे काम केलंस ते कुत्र्यालाही जमतं असं त्यांनी ठरवलं. आणि तू वर लिहितेस की "आजी, वाक्य सुधारलंय." सुधारलंय खरं, हेच वाईट आहे. मला आता पुढे काय होतं ते जाणून घ्यायचंय. दोघांना मिळून शोधायला जावं लागेल ना त्याला? आणि हाक कोण मारणार?

हे सगळं मी मोठ्याने वाचत होते. "मुलीच्या जागी कुत्रा" इथे आले तेव्हा स्वयंपाकघरात कोणीतरी हसलं. घरात मी एक आणि तो एक, मी तर हसले नव्हते. लगेच नळ सोडला त्याने, आवाज बुडवायला. पण हसण्याला नळ पुरत नाही.

बाईने विचारलं म्हणतेस, भांडण कशावरून झालं ते वाक्यात हवं. नको. कोणाच्याही घरचं भांडण वाक्यात मावत नाही, आणि मावलं तर ते भांडण नाही. तरी तुला म्हणून सांगते, कारण तुला अर्धंच माहीत आहे. तुझ्या आजोबांचं रेडिओ दुरुस्तीचं टेबल खिडकीखाली होतं. ते गेले तरी मी ते तसंच ठेवलं होतं, डाग, तारा, मोडके स्क्रू, सगळं. मी बहिणीकडे गेले होते ती परत आले तर टेबल नाही. तुझ्या बापाने कोणा भंगारवाल्याला देऊन टाकलं. मी विचारलं, मला विचारावंसं वाटलं नाही? तर म्हणाला, "तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस." तू तिथे उभी होतीस, दुधाच्या दातांची, तुझी आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी तुझ्याकडे वळले आणि म्हटलं, "तुझ्या बापाला सांग, या घरात मी पण राहते."

आणि तू सांगितलंस. चार पावलं चालत जाऊन. गुणी पोर.

तिथून सुरू.

चूक कोणाची हे मी सांगणार नाही. ते उघड आहे.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर सुंभ पण अजून धडधाकट आहे.

तुझी आजी

ता. क. कुत्र्याला नाव काय दिलंस? माझं देऊ नकोस.


सोमवार

भिंगरे,

तुझं चार ओळींचं पत्र आलं. नोकरी सोडतेस, रविवारच्या गाडीने कायमची घरी येतेस. आणि पुढच्या सोमवारची मीटिंग? "शेवट सुचत नाही आजी, कारण मी शेवट कधी पाहिलाच नाही. वाक्य अर्धंच राहणार. त्यापेक्षा घरी येते, नाहीतर एक दिवस तुमच्यातलं कोणीतरी मरून पडेल आणि दुसऱ्याला ते माझ्याकडून कळेल."

येऊ नकोस.

गोड बोलायला मला येत नाही, ते तुला ठाऊक आहे. म्हणून कडू सांगते. तू आलीस तर आम्ही दोघं खूश होऊ. हा तुझ्याकडे बघेल, मी तुझ्याकडे बघेन, आणि चार दिवसांत "तिला सांग", "त्याला सांग" सुरू होईल. तू पन्नाशीची होशील आणि या दोन खोल्यांमध्ये येरझारा घालत असशील. कुत्रा तरी काही वर्षांनी सुटतो. तू सुटणार नाहीस.

मला काय हवं ते तुला कधी सांगितलं नाही, विचारलंसही नाहीस. मला त्या सिनेमाच्या थिएटरात बसून तुझं नाव पडद्यावर बघायचंय. म्हणजे कोणाला तरी वाचून दाखवायला लावायचंय. बाकी काही नको.

तुझा वाक्याचा नियम तू मला शिकवलास. कोणाला काय हवंय, मध्ये काय आडवं येतंय, आणि एका दमात म्हणता आलं पाहिजे. मी सकाळपासून एक वाक्य करून बघतेय. तुझ्या बापासाठी. समोरासमोर म्हणायचं.

पहिलं केलं, "चूक तुझी होती, पण झालं गेलं सोडून दे." हे वाक्य नाही, हा दगड आहे, वरून फूल चिकटवलेला. "पण"च्या आधीचं कापलं. उरलं, "झालं गेलं सोडून दे." हे मी सोडलेलं नाही, तर त्याला कशी सांगू? तेही कापलं. मग, "पोरगी येतेय, तिला थांबव." हा परत निरोपच. कापला. शेवटी नुसतं त्याचं नाव उरलं. तेवढं म्हणून बघितलं, पडद्याला. पहिल्या अक्षरापुढे गेले नाही.

वाक्य करणं सोपं नाही हे कबूल. तुझी चेष्टा केली ती मागे घेते. अर्धी.

येऊ नकोस. गुरुवारपर्यंत थांब.

आजी


गुरुवार, दुपारी

भिंगरे,

हे पत्र तो स्वतः कुरिअरच्या माणसाकडे नेऊन देणार आहे, म्हणजे रविवारच्या आत तुझ्या हातात पडेल. नीट वाच. गाळायचं नाही.

सोमवारपासून मी वाक्य घोटत होते. मंगळवारी तोंड उघडलं आणि खोकले. बुधवारी तो जेवायला बसला तेव्हा म्हणणार होते, तर त्याने घास घेतला, आणि घास घेतलेल्या माणसाशी पहिल्यांदा बोलू नये, ठसका लागायचा. आपण म्हणतो ना, तळ्यात की मळ्यात, तशी तीन दिवस काठावर.

आज सकाळी तो कामावर निघाला. हातात हत्यारांची पिशवी, कचऱ्याची पिशवी. दारात वाकून बूट घालत होता. त्याची पाठ माझ्याकडे. आणि मला दिसलं की स्वेटर उलटा घातलाय, शिवण सगळी बाहेर.

माझ्या तोंडून गेलं, "अरे, स्वेटर उलटा आहे तुझा."

ना केटलीला, ना पडद्याला. "म्हणावं"सुद्धा नाही. एवढं तीन दिवस घोटलेलं वाक्य कुठल्या कुठे राहिलं, आणि निघालं हे.

तो तसाच वाकलेला राहिला. मला वाटलं कंबर धरली. मग उभा राहिला, पिशव्या खाली ठेवल्या, स्वेटर काढला, फिरवून घातला. केस सगळे उभे. वळून माझ्याकडे बघितलं. किती पिकलाय गं तो. फोनवर तू त्याच्याबद्दल बोलायचीस तेव्हा मला अजून तो काळ्या केसांचाच वाटायचा.

म्हणाला, "सकाळपासून उलटा होता?"

"सकाळपासून."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "कोणाकडून सांगणार होते?"

तो खुर्चीत बसला. तुमच्या सिनेमात इथे वाद्यं वाजतील आणि दोघं गळ्यात पडतील. तसलं काही झालं नाही. तो म्हणाला, "टेबल मी उगाच नव्हतं काढलं. पोरीला अभ्यासाला जागा नव्हती. खिडकीपाशी तेवढाच उजेड होता."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. ती जागा पुढे तुझ्याच टेबलाने भरली, मी काय आंधळी होते? तेव्हा तरी चष्मा होता. मी म्हटलं, "मला सांगितलं असतंस तर मीच उचलून दिलं असतं."

"तू दिलं नसतंस!"

"नसतंच दिलं! पण विचारायचं तर होतंस!"

"विचारून काय उपयोग झाला असता?"

"मी नाही म्हणाले असते, तो उपयोग!"

आणि मग जे सुरू झालं ते विचारू नकोस. त्याने माझा हट्ट काढला, मी त्याचं सूप काढलं. तुझ्या आजोबांच्या आजारपणापासून ते परवाच्या सांडलेल्या पाण्यापर्यंत. पाणी त्यानेच सांडलं होतं, कबूल केलं! मध्ये नर्सबाईंनी भिंतीवर ठोकलं, तर दोघंही एकदम ओरडलो, "थांबा हो जरा!" त्याचा आवाज अगदी माझ्यासारखा आहे. भांडताना मान पण माझ्यासारखीच वाकडी करतो. इतकी वर्षं तू गोड करून, धुऊन, वाळवून आणायचीस त्याचे शब्द माझ्याकडे. मला कुठे माहीत, तो मूळचा इतका चांगला भांडतो.

कामावर उशिरा गेला. जाताना म्हणाला, "संध्याकाळी उरलेलं." मी म्हटलं, "ये तर खरा."

टेबल परत येणार नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं आणि मरेपर्यंत वाटेल. माफी त्याने मागितली नाही, मीही मागितली नाही. हे तुझ्या कॅलेंडरवाल्या वाक्यात बसणार नाही. पण तुला शेवट हवा होता ना? हा घे. ते भांडतात. समोरासमोर, पोटभर. निरोप्या नाही म्हणून त्यांना स्वतःच भांडावं लागतं. बाईला पटलं तर बरं, नाही पटलं तर तिच्या घरी कोण कोणाशी बोलत नाही ते तिला विचार, पटेल.

निरोप्या कुत्रा ठेवायचा की पोरगी, ते तू ठरव. माझं मत विचारशील तर पोरगीच ठेव. आणि ती सिनेमात शेवटी घरी परत येत नाही असं कर. ती तिच्या मीटिंगला जाते.

सोमवारी जा. वाक्य एका दमात म्हण. फोन मात्र बंद ठेव, आमच्यापैकी कोणी पडलं तर आम्ही ओरडू.

तो आलाय, जेवायच्या सुट्टीत, पत्र न्यायला. म्हणतो खाली दोन ओळी त्याला लिहायच्यात. कधी नव्हे ती जागा सोडते.

आजी

भिंगरी,
येऊ नकोस, इथे जमेल आमचं. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात बोलावलंय, मी नेतो. नवा चष्माही लगेच करायला टाकतो, कारण सकाळी स्वेटर सुलटच होता. आई म्हणाली म्हणून मी तो काढून उलटा घातला आणि दोन बिल्डिंगांच्या लिफ्टा तसाच दुरुस्त करून आलो, आताही तसाच आहे. हे आजीला सांग की —
खोडलं. सांगतो मीच.
बाबा